मदत हवी आहे: गाडीच्या अँपवरचे (अँप्लिफायरवरचे) '१२०० वॉट' नक्की किती धरायचे? (इंदूर)

मंडळी, नमस्कार.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. आई-बाबांना घेऊन देवासला मावशीकडे नेहमी जाणं होतं आणि बाबांना वाटेत कुमारजी (कुमार गंधर्व) लागतातच. त्या रस्त्यावर ट्रकांची ये-जा फार, काचा लावल्या तरी टायरचा घरघराट आत येतो. म्हणून आवाज वाढवावा तर तानपुरा पार बुडतो आणि वरचा षड्ज चिरका लागतो. बाबा मग स्वतःच बंद करायला सांगतात, ते मला फार लागतं. यासाठी दारातले स्पीकर बदलून एक फोर चॅनल (चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा) अँप बसवायचा विचार आहे. दणदणाट नको, सबवूफरही नको.

अडलंय ते आकड्यांपाशी. सध्याच्या स्टिरिओवर '५० वॉट × ४' छापलंय. दुकानात पाहिलेल्या स्पीकरच्या डब्यावर ठळक ३०० वॉट आणि कडेला बारीक अक्षरांत आरएमएस ५०. अँपच्या डब्यावर १२०० वॉट मॅक्स, आत माहितीपत्रकात मात्र '७५ वॉट आरएमएस × ४, ४ ओहम'. दुकानदार म्हणाला, "भिया, तीन सौ के चार स्पीकर, बारा सौ का अँप, हिसाब बराबर!"

हा हिशेब खरा का? स्टिरिओच ५० वॉट देत असेल तर ५० च्या स्पीकरला वेगळा अँप कशाला? आणि ७५ च्या अँपवर ५० चे स्पीकर जळणार नाहीत ना? पैसे भरायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १

डब्यावरचे ३०० आणि १२०० दोन्ही विसरा. मॅक्स किंवा पीक हा क्षणभराचा आकडा असतो आणि तो कसा मोजला हे सहसा कुणी लिहीत नाही. सलग किती वॉट मिळतात ते आरएमएस सांगतं. जुळवणी करायची ती आरएमएसची आरएमएसशी.

स्टिरिओच्या '५० × ४' ची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओतल्या छोट्या अँपला तेवढ्यावरच भागवावं लागतं. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, उत्तर येतं जवळपास ५२ वॉट. छापील ५० येतात ते इथून. पण एवढे वॉट मिळतात आवाजाची लहर वर-खाली कापली जाऊन पार चौकोनी झाल्यावर. स्वच्छ लहरीला १४.४ हे तिचं टोक, म्हणून आरएमएस व्होल्ट फार तर १०.२ आणि पॉवर २६ वॉट, तीही कागदावर. प्रत्यक्षात १८-२० च्या आसपास. तुमच्या बाबांना वरचा षड्ज चिरका वाटतो तो बहुधा या कापाकापीमुळेच. वेगळ्या अँपमध्ये व्होल्टेज वाढवणारा स्वतःचा पॉवर सप्लाय असतो, त्यामुळे तो या मर्यादेत अडकत नाही.

७५ च्या अँपला घाबरू नका. नाजूक ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) बऱ्याचदा जळतात ते कमी ताकदीचा अँप पिळून पिळून वाजवल्याने.

प्रतिसाद २

आरएमएस लिहिलंय म्हणून तेही डोळे मिटून मानू नका. किती ओहमवर, किती व्होल्टला आणि किती डिस्टॉर्शनला (आवाजाची लहर किती बिघडू दिली) मोजलं ते विचारा. सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) या मानकात ४ ओहम, १४.४ व्होल्ट आणि जास्तीत जास्त १ टक्का डिस्टॉर्शन ठरलेलं आहे. डब्यावर तो उल्लेख असेल तर निर्धास्त घ्या. नसेल तर अँपवरचा फ्यूज बघा, किती अँपिअरचा आहे?

धागाकर्ता

आज मुद्दाम जाऊन पाहिलं. वायरी जोडायच्या जागेशेजारी एकच फ्यूज आहे, बिनरंगी, त्यावर २५ लिहिलंय. अँप क्लास एबी प्रकारचा आहे.

प्रतिसाद २

मग गणित समोरच आहे. २५ गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॉट आत जाणार. क्लास एबीची कार्यक्षमता ढोबळमानाने ५०-६० टक्के, उरलेली उष्णता. म्हणजे सगळे मिळून दोनशेच्या आसपास, चॅनलला ५० वॉट. फ्यूज थोडा वेळ जास्त करंट सोसतो, तरी सलग ७५ × ४ या अँपकडून व्हायचे नाहीत, १२०० तर सोडाच. पण तुमच्या ५० च्या स्पीकरला हा पुरेसा आहे. किंमत मात्र ५० × ४ च्या अँपची द्या.

प्रतिसाद १

सहमत. एक भर: वॉटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक पॉवरला तो किती डेसिबल मोठा वाजतो ते. पॉवर दुप्पट केली तरी वाढतात ३ डेसिबलच. ९१ डेसिबलचा स्पीकर ८८ वाल्याइतकं अर्ध्या पॉवरमध्ये वाजतो. फक्त दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले हवेत. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की २ वॉट जातात, त्यामुळे तो आकडा १ वॉटवर मोजलेल्यापेक्षा ३ ने फुगलेला दिसतो. आणि टायरच्या आवाजासाठी दारात डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारं अस्तर) लावून घ्याच, नुसते वॉट वाढवून तानपुरा वर येणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अँपवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) दुकानदार कानाने लावून देतो म्हणतोय. चालेल?

प्रतिसाद १

मीटरनेच लावा. स्पीकरच्या वायरी काढा, स्टिरिओचा बास-ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊण, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा आणि गेन अगदी खालून हळूहळू वाढवा. ५० वॉट, ४ ओहमसाठी १४.१ व्होल्ट आले की थांबा. इंजिन चालू ठेवा आणि गाडी मोकळ्या जागेत उभी करा.