विकिरण, प्रकीर्णन की सरळ ‘पांगणे’?

प्रश्नकर्ती (लातूर): धातूच्या अतिपातळ थरांवरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. ४.२ केल्व्हिनला, म्हणजे द्रव हेलियमच्या तापमानाला, स्फटिकातील अणूंची कंपने इतकी क्षीण होतात की इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा उरतो तो मुख्यतः अशुद्धींचा, कणसीमांचा (धातूतले स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या रेषांचा) आणि थराच्या दोन पृष्ठभागांचा. तिथे आदळून त्यांची दिशा बदलते, त्याला मी ‘विकिरण’ म्हटले. तपासणाऱ्यांनी तो शब्द खोडून ‘प्रकीर्णन’ लिहिले. शाळेत ‘प्रकाशाचे विकिरण’ आपण याच अर्थाने शिकलो ना?

परभणी: ताई, तुमचेच बरोबर आहे. विकिरण म्हणजे रेडिएशन हा अर्थ हिंदीतला. त्यासाठी मराठीत ‘प्रारण’ आहे. ‘विकिरण’मध्ये किरण दिसतो म्हणून घोटाळा होतो, पण मूळ संस्कृत क्रियाधातू ‘कॄ’, म्हणजे विखुरणे. आणि मराठीत ‘प्रकीर्ण’ म्हटले की संग्रहाच्या शेवटचे किरकोळ लेख आठवतात.

नांदेड: सर, माझे विद्यार्थी हिंदी पुस्तकेही वाचतात आणि ‘विकिरण’ पाहून दरवर्षी अडतात. ‘प्रकीर्णन’ने असा घोटाळा होत नाही, मग तो शब्द का नाकारायचा?

बीड: दोन्ही शब्द संस्कृतच आहेत. आमच्या शिवारात कुत्रे भुंकले की ढोरे पांगतात. इलेक्ट्रॉन पांगले म्हणायला काय हरकत आहे?

परभणी: कळप पांगतो, एकटे ढोर पांगत नाही. इथे तर एकेका इलेक्ट्रॉनची दिशा बदलते. शिवाय भौतिकशास्त्रज्ञ फुक्सने १९३८ मध्ये मांडले त्याप्रमाणे पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर इलेक्ट्रॉन आरशावरून परतावा तसा परततो आणि थराच्या लांबीच्या दिशेचा त्याचा वेग टिकून राहतो, म्हणून त्या आदळण्याने थराचा विद्युत रोध वाढत नाही. पृष्ठभाग खडबडीत असेल तरच तो कुठल्याही दिशेला जातो. या दोन्हींना ‘पांगणे’ कसे पुरेल?

धाराशिव: एकट्या जनावराने वाट सोडली तर आमच्याकडे ते ‘फाकले’ म्हणतात. माझी आजी संध्याकाळी दावणीशी उभी राहून गायी मोजायची आणि एक कमी भरली की विचारायची, “तांबडी कुठं फाकली?” त्या प्रश्नात कळप नव्हता, एकच गाय होती.

बीड: आमच्याकडे फाकते ती भिंत किंवा लाकूड, म्हणजे मधे फट पडते. जनावर फाकल्याचे मी कधी ऐकले नाही.

धाराशिव: मग मांजरा नदीच्या दोन काठांवर हा शब्द वेगळा झाला असेल. जालन्याकडचे कोणी सांगेल का, तिकडे चुकार गायीला काय म्हणतात?