‘पॅटलेबर’मधल्या लेबरला मराठीत काय म्हणाल?

ओंजळ:
ज्यांनी मेका ॲनिमे, म्हणजे प्रचंड यंत्रांच्या गोष्टींची जपानी ॲनिमेशन, कधी पाहिलंच नाही अशा घरच्या लोकांसाठी ‘पॅटलेबर’वर थोडं लिहितेय, जुन्या मालिकांमधली माझी सगळ्यात लाडकी. १९८८ साली आधी व्हिडिओवर आली, मग १९८९-९० मध्ये टीव्हीवर ४७ भाग. तोक्योच्या खाडीत भराव घालायचं अवाढव्य काम चाललंय, त्यासाठी हातपाय असलेली प्रचंड यंत्रं आहेत, माणूस आत बसून चालवतो, त्यांना म्हणतात लेबर. त्यांनी गुन्हे व्हायला लागले म्हणून पोलिसांकडेही लेबर, म्हणजे पॅट्रोल-लेबर. मी लिहिलं ‘साइटवरचा लेबर पळवला’ आणि भाऊ म्हणाला मजूर पळवून काय करणार? यंत्रमानव लिहू का?

बोरू:
यंत्रमानव नको. तो आपणहून चालतो, निदान ऐकणाऱ्याला तसंच वाटतं. इथे आत नायिका नोआ बसलीय आणि सगळं तीच करतेय. यंत्रमजूर म्हणा. यंत्रमाग, यंत्रमागधारक हे आपण बिनदिक्कत बोलतोच ना, मग हाही रुळेल.

डबर:
रुळणार नाही. मी साइटवर असतो, उत्खनक म्हणणारा आजवर एक भेटला नाही. पोकलेन म्हणतात, आणि ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. पिवळं दिसलं की जेसीबी, मग कंपनी कुठलीही असो. लेबरच ठेवा, फक्त नपुंसकलिंगी करा. ‘लेबर आला’ म्हणजे माणूस, ‘लेबर आलं’ म्हणजे यंत्र. ‘साइटवरचं लेबर पळवलं’ वाचून कुणी मजूर समजणार नाही.

खारीक:
हे व्याकरणात बसतं पण नोआला नाही चालणार. तिच्या कुत्र्याचं नाव अल्फॉन्स, नंतरच्या मांजराचं अल्फॉन्स आणि ड्युटीवरच्या इंग्रॅमचंही, म्हणजे ती चालवते त्या पोलिसी लेबरचंही, अल्फॉन्सच. ओरखडा पडला तरी तिचा जीव वरखाली होतो. तिच्या तोंडी ‘ते’ घातलं की मालिकेतली मायाच गेली. तो अल्फॉन्सच हवा.

बोरू:
आणि लेबर हे नाव उगाच दिलेलं नसावं असं मला फार वाटतं. चेक लेखक चापेकच्या १९२०च्या नाटकातून रोबोट शब्द आला तो चेक ‘रोबोता’वरून, म्हणजे वेठ. आपली वेठ संस्कृत ‘विष्टि’वरून, आणि वेठबिगारीतली बिगार फारसी. म्हणजे रोबोटला खरा मराठी शब्द वेठ्या! लेबर, रोबोता, वेठ, सगळीकडे राबणंच आहे.

डबर:
पण वेठ्या वाचून कुणाला कळणार? शब्द वाचणाऱ्यासाठी असतो, मुळासाठी नाही.

बोरू:
मुळं सोडून दिली की उद्या ‘राबणं’सुद्धा जाईल आणि फक्त लेबर उरेल, मला त्याचीच काळजी आहे. पायलटलाही शब्द आहे, यंता. संस्कृतात सारथी, माहूत, हाकणारा तो यंता. अभियंता चालतो तर यंता का नाही?

खारीक:
यंता आवडला!! पण तो गुंडाम या दुसऱ्या मेका मालिकेला जास्त शोभतो. १९७९चं पहिलं गुंडाम, १८ मीटरचं धूड, अंतराळातली लढाई. इंग्रॅम त्याच्या निम्म्याहूनही कमी. पॅटलेबरमधली माणसं नोकरदार आहेत, दुरुस्तीचं बजेट, जेवण कधी येणार, वरिष्ठांची बोलणी, यातच निम्मे भाग जातात आणि म्हणूनच ती मला एवढी जवळची वाटते. तिथे ड्रायव्हरच बरा.

ओंजळ:
यंता घरी वाचून दाखवला, आईला कळला, भावाला नाही. लेबरचं अजून ठरत नाहीये. लिंगाची युक्ती पटतेय पण अल्फॉन्सपाशी अडते.

डबर:
ते राहू दे, त्यांना पहिलं काय दाखवणार? सरळ दिग्दर्शक ओशीचा १९८९चा पॅटलेबर सिनेमा लाव. लेबरच्या सॉफ्टवेअरमध्ये घोळ आणि यंत्रं आपणहून सुटतात, आज तर जास्तच पटेल.

खारीक:
अजिबात नको! आधी व्हिडिओवाले भाग. नोआच्या तुकडीचा प्रमुख गोतो कॅप्टन, त्याचा तो झोपाळू चेहरा आणि आतली धार ओळखीची झाल्याशिवाय सिनेमातला त्याचा शांतपणा पोचतच नाही.

बोरू:
आपणहून सुटतात ना? मग त्या सिनेमापुरतं यंत्रमानव चालेल, माझी हरकत नाही.