मदत हवी आहे: गोल्फच्या ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायची काठी) रेग्युलर शाफ्ट (दांडा) घेऊ की स्टिफ, म्हणजे जास्त कडक?

मंडळी, नेरूळला राहतो, वय 47. दोन वर्षं खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर खेळतोय. आयर्न (कमी अंतराच्या फटक्यांच्या काठ्या) बऱ्यापैकी लागतात, पण ड्रायव्हर हातात घेतला की बॉल उजवीकडे, थेट झाडीत. (उजव्या हाताने खेळतो. हरवलेल्या बॉलांचा खर्च घरी सांगितलेला नाही.)

सध्याचा शाफ्ट स्टिफ, 65 ग्रॅमचा. सेकंड-हँड ड्रायव्हरसोबत आला तो. परवा मित्राच्या लाँच मॉनिटरवर (फटका मोजायचं यंत्र) मोजलं: स्विंग स्पीड ताशी 88 ते 91 मैल, बॉल जेमतेम 9 अंशांत उठतो. शाफ्ट निवडायच्या तक्त्याप्रमाणे हा वेग रेग्युलरचा. पण फ्लेक्सचं (दांडा किती लवतो त्याचं) सगळ्यांचं मिळून एक माप नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघतो. त्यात माझा हात वरून खाली येताना घाई करतो. अशांना जरा जड, कडक शाफ्ट बरा, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो 55 ग्रॅमचा रेग्युलर घे. कोणाचं ऐकू?

ठाणे-नवी मुंबईत एकाच हेडवर (काठीच्या डोक्यावर) दोन-तीन शाफ्ट बदलून मारून बघता येतील अशी जागा आहे का? आणि किती बॉल मारून ठरवावं? नव्या शाफ्टने पहिले पाच-सहा नेहमीच झकास जातात!

ड्रायव्हरच्या फेसवर (बॉलला लागणारी बाजू) टाल्कम पावडर लावून पाहिलं, बॉल बहुतेक वेळा हीलला (फेसच्या दांड्याकडच्या टोकाला) लागतो. मग दोष शाफ्टचा की लांबीचा? 45.5 इंचातला एखादा इंच कोणी कापून पाहिलाय का? स्विंगवेट (काठी फिरवताना जाणवणारं डोक्याकडचं वजन) उतरतं ते कसं सांभाळलंत?

‘आधी कोच लाव’ म्हणू नका, लावलाय.