बेसच्या जोड्या आणि बेसची चळत

‘डीएनएच्या दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकत्र राहतात’ असं नेहमी म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. साखळ्यांवरचे ए, टी, जी, सी हे चार रासायनिक घटक म्हणजे बेस. समोरासमोरच्या ए-टी जोडीत दोन आणि जी-सी जोडीत तीन बंध असतात, हे बरोबर. पण कोणासमोर कोण बसणार हे ठरवणं, हे त्यांचं मुख्य काम. साखळ्या सुट्या झाल्या तरी बेस भोवतालच्या पाण्याशी तसेच बंध जोडतात, म्हणून जोडी जमल्याचा निव्वळ फायदा थोडाच. दोन साखळ्यांचा पिळदार गोफ टिकतो तो प्रामुख्याने बेसच्या चळतीमुळे. हे सपाट, पाणी टाळणारे बेस ०.३४ नॅनोमीटर अंतराने एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा सुमारे ३४ अंशांनी वळलेली असते. म्हणून एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या बसतात.

दुसरा मुद्दा मिठाचा. साखळीच्या कण्यातल्या (बेस ज्याला जोडलेले असतात त्या धाग्यातल्या) प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो, त्यामुळे दोन्ही कणे एकमेकांना ढकलतात. सोडियमसारखे धन आयन ते ढकलणं शमवतात. पूरक ऑलिगो (डीएनएच्या एकेरी साखळीचे कृत्रिमरीत्या बनवलेले छोटे तुकडे) जोडताना नेमकं इथेच बिनसतं. ते नुसत्या पाण्यात घेऊन तापवले तर थंड झाल्यावर जोडी नीट जमत नाही. १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ), १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारा पदार्थ), ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड (मीठ), पीएच ८ असं द्रावण घ्या, ९५ अंश सेल्सिअसला २ ते ५ मिनिटं ठेवा आणि तासाभरात हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एकदम बर्फात ठेवलं, तर जोडीदार सापडायच्या आधीच साखळी स्वतःवर दुमडून हेअरपिन होऊन बसते.