टोपीच्या रिव्हॉल्व्हरला काडतुसाचं सिलिंडर: छंद की छेडछाड?

ठासणीवाला (ओहायो):
इटलीत ब्रेशियाच्या आसपास उबेर्ती, पिएत्ता हे कारखाने जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या, म्हणजे कोल्ट १८५१ नेव्ही, १८६० आर्मी, रेमिंग्टन १८५८ यांच्या प्रतिकृती बनवतात. त्या घेऊन स्वतःच्या हाताने सजवणारे, सुधारणारे इथे बरेच आहेत, मीही त्यातलाच. मूठ अक्रोडाची करा, नळीचा निळा रंग उतरवून जुनाट रूप द्या, खुशाल. माझा आक्षेप टोपीचं सिलिंडर (बार भरायचं फिरतं नळकांडं; टोपी म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी इवलीशी वाटी) काढून तयार काडतुसाचं बसवण्याला आहे. टोपीच्या सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे भोकात, मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी दट्ट्याने दाबायची. गोळी चेंबरपेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे दाबताना शिशाची केसाएवढी कडी कापली जाते. ती अखंड निघाली की गोळी घट्ट बसली म्हणायची. मग वर ग्रीस, मागे टोप्या. सगळी मजा यातच आहे. हे नको असेल तर सरळ कोल्टच्या १८७३ च्या काडतुसी सिंगल अ‍ॅक्शनची प्रतिकृती घ्या ना!

हार्टफर्डी:
मालक, मजा मान्य, पण इतिहास तुमच्या बाजूने नाही. आरपार छेदाच्या, म्हणजे मागून काडतूस घालता येईल अशा सिलिंडरचं रोलिन व्हाइटचं १८५५ चं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात होतं, म्हणून १८६९ पर्यंत कोल्ट हात चोळत बसली. रेमिंग्टनने १८६८ मध्ये रॉयल्टी भरून आपल्या आर्मी मॉडेलला पाच बारांचं काडतुसी रूप दिलं. पेटंट संपल्यावर कोल्टनेही जुन्या टोपीवाल्या मॉडेलांचे भाग वापरून रिचर्ड्स आणि मग रिचर्ड्स-मेसन ही काडतुसी मॉडेलं काढली. तुमच्या मते जी छेडछाड, ती खुद्द कारखान्याने केली.

ठासणीवाला:
कारखान्याला सुटे भाग खपवायचे होते, तुम्हाला कसली घाई? आणि इतिहासाचं म्हणाल तर निम्मे लोक पितळी सांगाड्याची .४४ (इंच, गोळीचा व्यास) नेव्ही मिरवतात. अशी नेव्ही कोल्टने कधी केलीच नाही. ती .३६ ची, लोखंडी सांगाड्याची. पितळ वापरलं ते जॉर्जियात ग्रिझवोल्ड आणि गनिसनने, तेही .३६ लाच. वर त्या पितळेवर काडतुसाचं सिलिंडर चढवायचं! बसवू नका म्हणून सिलिंडर बनवणारेच बजावतात.

हार्टफर्डी:
पितळेच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. मी पोलादी सांगाड्याबद्दलच बोलतोय, आणि भरतो ती सौम्य काडतुसंच.

जुनाबाजार:
तुमचं भांडण सभ्य आहे हो. मला चीड येते शिक्के घासणाऱ्यांची. ब्रेशियाच्या तपासणीघराची खूण म्हणजे तारा आणि खाली 'पीएन', म्हणजे पोल्व्हेरे नेरा, काळी दारू. शिवाय सालाचा सांकेतिक शिक्का. हे सगळं घासून वर कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्याचा पत्ता ठोकतात. स्वतः हौसेने करतात, कबूल. पण मालक गेला की वारस तीच वस्तू 'पणजोबांची' म्हणून विकतो आणि घेणारा गंडतो. अमेरिकी यादवी युद्धाच्या लढायांचे देखावे करणाऱ्या हौशी लोकांना इटालियन अक्षरं खुपतात म्हणे. खुपू देत! निदान मुठीच्या आत तरी खूण ठेवा.

एडिसनकर:
'प्रतिकृतीला परवाना लागत नाही' हे डोळे झाकून धरू नका. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात अशा प्रतिकृतींना सूट आहे, पण आमच्या न्यू जर्सीत ही रिव्हॉल्व्हरसुद्धा परवाना काढूनच घ्यावी लागते. आणि काडतुसाचं सिलिंडर बसवलं की केंद्राची सूटही संपली.

लीड्सचा पाटील:
इंग्लंडात तर विषयच मिटला. डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये हातबंदुकांवर बंदी आली, तोंडातून ठासायच्या तेवढ्या परवान्यावर उरल्या. तिला काडतुसाचं सिलिंडर चढवलं की ती बंदीतल्या यादीत, आणि शिक्षा सहसा किमान ५ वर्षं. ठासणीवाले म्हणतात ते इथे कायदाच म्हणतो.

कोकणातून:
आमच्याकडे शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ खोट्या बंदुकीची खरी करण्याबद्दलच आहे. इथे बसून कोणी हा उद्योग आरंभू नये. वाचायला मात्र मजा येतेय, भांडा.

हार्टफर्डी:
पाटील, कायदा सुरक्षेसाठी आहे, आवडीनिवडीसाठी नाही. आणि ठासणीवाले, फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याखाली अडकून सिलिंडर जाम होतं, त्याचं काय? त्यातही मजाच का?

ठासणीवाला:
हो. म्हणून तर रेमिंग्टन घेतली. तिचं सिलिंडर झटकन निघतं.