मदत हवी आहे: बिटएक्स ४० ऐकतो झकास, पण पॉवर बाहेर पडत नाही

सह्यवारा
मंडळी, माझ्या बिटएक्स ४० चा (४० मीटर बँडचा हॅम रेडिओ सेट) फायनल, म्हणजे पॉवर बाहेर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर, उडाला होता, तो घरीच बदलला. रिसीव्ह एकदम स्वच्छ. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की रिले वाजतो, पण पॉवर जवळजवळ नाहीच. सोल्डरिंग भिंग लावून तीनदा तपासलं. रविवारी सकाळी मित्रांची नेट (रेडिओवरची ठरलेली भेट) आहे आणि दोन महिने मी नुसता ऐकतोय. नक्की काय बघू? लवकर सांगा.

जुनीखुंटी
"जवळजवळ नाहीच" म्हणजे किती? कशावर मोजलं? पुरवठा किती व्होल्ट? आणि मोजताना बोलत होतात ना? एसएसबीत (हा सेट आवाज पाठवतो ती पद्धत) आवाज गेल्याशिवाय काही बाहेर पडत नाही.

तारवाला
अँटेनाच असणार. माझंही असंच झालं होतं. ७.१ मेगाहर्ट्झला इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना) करायचा तर दोन्ही बाजूंना साधारण १०-१० मीटर तार लागते. थोडी जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप) बघत कापत या. टोकं गच्चीच्या लोखंडी कठड्याला बांधू नका, मध्ये नायलॉनची दोरी घ्या.

सह्यवारा
तारवाला, अँटेना जोडलेलीच नाही. २०० ओहमचे चार कार्बन रेझिस्टर समांतर जोडून डमी लोड (अँटेनाऐवजी ५० ओहमचा भार) केलाय. जुनीखुंटी, बोलतच होतो हो, लांब शिटीही वाजवली. डायोड प्रोबवर (सिग्नलचं शिखर-व्होल्टेज दाखवतो तो) जेमतेम ७ व्होल्ट येतात. पुरवठा १२ व्होल्टची बॅटरी.

जुनीखुंटी
सातचा वर्ग ४९, त्याला १०० ने (५० ओहमच्या दुप्पट) भागा. अर्धा वॅट. ५ वॅटला प्रोबवर २२ च्या आसपास दिसायला हवेत. म्हणजे ड्राइव्ह (आधीच्या टप्प्याचा सिग्नल) येतोय, पण फायनल तो वाढवत नाही. बायस (फायनलचा स्थिर करंट ठरवणारं गेटवरचं व्होल्टेज) किती ठेवलाय? आणि पहिला फायनल मेला कशाने, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

सह्यवारा
पीएच्या (पॉवर अँप्लिफायर, म्हणजे फायनलचा टप्पा) वेगळ्या वायरीला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला होता, पॉवर वाढावी म्हणून. दहा मिनिटं छान चाललं, मग वास आला. पण ते जुनं झालं, आता चार्जर काढून टाकलाय.

चोवीसव्होल्ट
व्होल्टेजला दोष देऊ नका. मी पीएला २४ व्होल्ट देतो, अजून एकही फायनल गेलेला नाही. मोठा हीटसिंक आणि नीट जुळलेली अँटेना हवी, बस. तुम्हीही २४ वर जा, हा प्रश्नच राहणार नाही.

जुनीखुंटी
अहो, त्यांचा १२ वर अर्धा वॅट येतोय आणि तुम्ही २४ लावायला सांगताय? बिघाड सापडायच्या आधी व्होल्टेज वाढवलं की दुसराही फायनल जाणार.

चोवीसव्होल्ट
मी केलेलं सांगतोय, पुस्तकातलं नाही.

लोणावळाघाट
जरा वेगळं विचारतो. भाच्याला परवाना काढायचाय, मोर्स शिकावंच लागतं का?

तारवाला
रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची परीक्षा नाही, जनरलला आहे. पण शिकू द्या त्याला. कमी पॉवरमध्ये मोर्स जिथे पोचतं तिथे आवाज पोचत नाही.

पत्राआणिकथील
सह्यवारा, नवीन फायनलवर छापलेला नंबर जसाच्या तसा लिहा. टॅबखाली अभ्रक आहे का तेही बघा. टॅब म्हणजे ड्रेन (पॉवर निघते तो पाय), तो उघड्या हीटसिंकला टेकता कामा नये.

सह्यवारा
अभ्रक आहे, टॅब ते चेसिस मीटर काहीच दाखवत नाही. नंबर आयआरएफ ५४०. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत मूळचा आयआरएफ ५१० नव्हता. तिसरा म्हणाला हा त्याचाच मोठा भाऊ, २८ अँपिअरचा, पायही तेच. म्हणून सांगायचं राहिलं.

पत्राआणिकथील
सापडलं! पाय तेच, पण गेट (सिग्नल घेणारा पाय) फार जड. ५१० ची इनपुट कपॅसिटन्स १८० पिकोफॅरडच्या आसपास, ५४० ची १७००. ७ मेगाहर्ट्झला पहिल्याचा अडथळा सव्वाशे ओहम, दुसऱ्याचा तेराच. तुमचा ड्रायव्हर ते गेट भरण्यातच दमतो. ५४० स्विचिंगला उत्तम, इथे नको. ५१० च शोधा, आणि फार स्वस्त मिळाला तर जरा संशय घ्या, नंबर खोडून पुन्हा छापलेले माल येतात.

जुनीखुंटी
बरोबर. नवीन लावायच्या आधी बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) अगदी कमीत आणा, नाहीतर चालू करताक्षणी जाईल. माइक काढून ठेवा, पीएच्या वायरीत मीटर टाका, पीटीटी दाबा आणि प्रीसेट केसभर-केसभर फिरवत करंट १०० मिलिअँपिअरने वाढवा. गेटला बोट लावण्याआधी अर्थिंगला हात लावा. बिटएक्सचे रचनाकार अश्हर फरहान यांनी सर्किट सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, ते छापून समोर ठेवा.

सह्यवारा
(शनिवार, रात्री) ५१० मिळाला, ठाण्याच्या एका मित्राच्या डब्यात दोन पडले होते. प्रीसेट कमीत होता, तरी पीटीटी दाबताना हात थरथरत होता. शिटीला प्रोबवर २३! म्हणजे ५ वॅटच्या वर. डमी लोडचे रेझिस्टर बोटाला चटका देतायत. पत्राआणिकथील, जुनीखुंटी, मनापासून आभार. सकाळी नेटवर येतो.

चोवीसव्होल्ट
आता हीटसिंक मोठा करा आणि मग २४.

जुनीखुंटी
उद्या १२ वरच या. आवाज कसा येतोय ते सांगतो.