साठी उलटली की मेंदूचा एमआरआय? आधी हे वाचा

तापीकाठ, चोपडा
सकाळी इथे कुणीतरी टाकलं: "आईबापाची साठी उलटली की मेंदूचा एमआरआय करून घ्या, स्मृतिभ्रंश दहा वर्षं आधी कळतो." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मला राहवलं नाही.

आमची जिजी 74 वर्षांची. भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, शेजारणीचं नाव आठवेना. गाडी केली आणि तिला थेट एमआरआयला नेलं. रिपोर्टात लिहिलं होतं, 'वयोमानानुसार मेंदू आकसलेला'. धाकट्याने 'आकसलेला' तेवढंच वाचलं. घरात सुतक आलं. तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या, गॅसपाशी जाऊ देईनात. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी साधं रक्त तपासलं, तर बी-12 जीवनसत्त्व तळाला गेलेलं! इंजेक्शनं झाली, आता पुन्हा कळण्याच्या भाकरी थापते. किल्ल्या मात्र मागत नाही.

साध्या एमआरआयमध्ये आकार दिसतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, बारीक झालाय का, पक्षाघाताचे लहान झटके येऊन गेलेत का, हे कळतं. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, साचलंय का ते त्यात दिसत नाही, फोटोत ते पाहायला वेगळा पेट स्कॅन लागतो, किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो. आणि ते साचूनही डोकं ठणठणीत असलेली माणसं असतात. अमेरिकेत 1986 साली नन्सवर अभ्यास सुरू झाला, त्यात मरणोत्तर मेंदू तपासल्यावर हेच आढळलं होतं. मग साठीच्या धडधाकट माणसाला फोटो दाखवून काय सांगणार?

धुळेकर
भाऊ, जिजी बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण तुमचं वाचून उद्या कुणी स्कॅन टाळला तर? आमचे आबा ओट्यावरून पडले. साधी खोकही नाही पडली. दीड महिन्याने असंबद्ध बोलायला लागले, धोतरात लघवी, नातवाला मेलेल्या भावाच्या नावाने हाक. सगळी भाऊबंदकी म्हणे, 'साठी बुद्धी नाठी, चालायचंच.' साधा सीटी काढला, तर कवटीच्या आत रक्त साकळलेलं. भोक पाडून काढलं. आठवड्यात आबा कापसाचा भाव विचारत होते. बी-12 तपासून हे कळलं असतं?

तापीकाठ, चोपडा
आबांना लक्षणं होती. मी लक्षणं नसताना काढायच्या स्कॅनबद्दल बोलतोय. नीट वाचा.

धुळेकर
नीटच वाचलं. जिजींनाही लक्षणं होतीच की. 'सुतक' शब्द तुमचा आहे, त्यानेच लोक घाबरतात.

साक्रीची लेक
स्कॅनचं राहू द्या, त्याआधी स्मृती तपासायला जे प्रश्न विचारतात त्यांचं कोण बोलणार? मायला विचारलं, आज तारीख काय? ती म्हणे, "काल आमुश्या व्हती, आज पाडवा शे." बरोबर होतं! कागदावर चूक पडली. मग शंभरातून सात-सात वजा करा म्हणे. माय शाळेत गेली नाही, पण वीस बायांनी वेचलेल्या कापसाचं वजन संध्याकाळी तोंडी सांगते. दिल्लीजवळ बल्लभगडला न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी हिंदीत अशी चाचणी तयार केली, त्याला तीसेक वर्षं झाली. अहिराणीत विचारणारा मला एकही भेटला नाही.

केळीवाला, रावेर
अहिराणीच का? आमच्याकडे लेवा गणबोली आहे. वर पाल गावाकडे पावरी बोलतात. खान्देश म्हणजे अहिराणी हे एकदा बंद करा.

साक्रीची लेक
दादा, माझ्या मायला मराठीत नापास केलं ते मी सांगतेय, तुम्ही हद्दी आखताय. तुमच्या आईला गणबोलीत विचारलं का कुणी?

केळीवाला, रावेर
नाही विचारलं. म्हणूनच चिडलो. आईला 'गंभीर' लिहून दिलंय, आणि तिला प्रश्नच कळत नव्हते हे मी समोर बसून पाहत होतो.

भुसावळचा तंत्रज्ञ
बावीस वर्षं स्कॅन काढतोय. ताईंचा मुद्दा मशीनपर्यंत येतो. एमआरआयला अर्धा तास निपचित पडावं लागतं. आतला ठणठणाट म्हातारीला कुणी तिच्या बोलीत समजावलेला नसतो. ती हलते. चित्र धुरकट येतं, आणि मोजमापात मेंदूचा बाहेरचा थर आहे त्याहून पातळ भरतो.

पेटचंही ऐका. त्याच्या औषधात फ्लोरिन-18 किंवा कार्बन-11 हे किरणोत्सारी अणू असतात. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, कार्बन-11 वीसच मिनिटांत. म्हणजे कार्बनवालं औषध बनवायला सायक्लोट्रॉन, हे अणू तयार करणारं यंत्र, शेजारीच लागतो.

शिवाय एका फोटोपेक्षा दोन फोटोंतला फरक जास्त सांगतो. अमेरिकेत एडीएनआय हा अल्झायमरच्या मेंदू-स्कॅनचा मोठा अभ्यास 2004 मध्ये त्यासाठीच सुरू झाला. तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासतात, निरोगीसुद्धा.

धुळेकर
निरोगीसुद्धा! तापीकाठ, वाचलंत? धडधाकट माणसांनी डोकी दिली नसती तर 'वयोमानानुसार' म्हणजे किती, हे कुणाला कळलं असतं?

तापीकाठ, चोपडा
संशोधनाला देणं वेगळं. तिथे मीही जाईन, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे स्कॅन त्यात यायलाच हवेत, तेवढं मान्य. घाबरलेल्या पोरांकडून पैसे काढणं मान्य नाही.

धुळेकर
आधी रक्त तपासा, हे मीही मानतो. पण पडलेल्या माणसाचा सीटी थांबवू नका, हे वर तुमच्या हाताने लिहा.

तापीकाठ, चोपडा
लिहितो. 'सुतक' काढणार नाही. आमच्या घरात तेच झालं होतं.